झाकणाआड

“झाकण! आधी झाकण लाव, मग बोल कुणाशी बोलायचं ते!”

लग्न होऊन ती या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासूबाईंच्या तोंडून हे पहिलं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. ती पिठाच्या डब्याशी वाकलेली होती, हातात झाकण, आणि दारातून नवरा काहीतरी गमतीचं बोलला म्हणून हसत त्याच्याकडे वळलेली. तेवढ्यात मागून तो आवाज आला, दगडावर पहार पडावी तसा. तिच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

“उघडं राहिलं की उडून जातं गं,” मग सासूबाई म्हणाल्या, आवाज जरा खाली आणून. “मिरचीचा तिखटपणा उडतो, पिठातलं पीठपण उडतं. लोक म्हणतात उंदरानं खाल्लं, मुंगीनं खाल्लं. हवा खाते ती कुणाला दिसत नाही.”

सासूबाईंचं शिकवणं असंच असे, येता-जाता, पाठीत धपाटा घातल्यासारखं. कांदा नि बटाटा एका टोपलीत ठेवायचा नाही, त्यांचं शेजारपण जमत नाही, बटाटा रागानं कोंब काढतो. पालेभाजी आणल्या आणल्या धुवायची नाही. ओलसर फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीला ठेवायची, पाणी दाखवायचं ते चिरायच्या आधी. जुनं धान्य वर, नवं खाली. “आणि मिठात ओला हात घालशील तर हात मोडून ठेवीन.” मुळ्याचा पाला नि बीटाची पानं फेकणाऱ्या बाईला त्या ‘राणीसाहेब’ म्हणत. वाढायला बसल्या की ताटाकडे अशा बघत, जशी काही मुलीची वेणीच घालतायत. “ताटात रंग हवा. पांढरं ताट आजाऱ्याचं. हिरवं पडलं, पिवळं पडलं, लाल पडलं, की पोट आपोआप शहाणं होतं.” हात चालू असला की त्या गुणगुणत:

मडक्याच्या तोंडाला, बांधते दुहेरी फडकं,
उद्याच्या सकाळीचं, आज राखते थोडकं.

हे सगळं कुणालाही शिकवता आलं असतं. पण तिचं नाक शिकवून आलेलं नव्हतं. एकदा ती कोठीपाशी नुसती उभी राहिली आणि म्हणाली, “या पिंपात तळाशी ओल आहे.” सासूबाईंनी आधी तिला वेड्यात काढलं, मग पिंप उपसलं. तळाशी वीतभर हरभरा बुरसटून एकमेकांना चिकटलेला. त्या रात्री जेवताना कोठीच्या कुलपाची किल्ली त्यांनी तिच्या ताटाशेजारी ठेवली. “घे. आजपासून हे घर तुझ्या नाकावर.”

पुढं सासूबाई गेल्या. मग नवरा गेला. तो कांद्याच्या वखारीत ट्रकवर पोती चढवायचा. एका उतारावर पोत्यांची थप्पी सरकली आणि तो खाली सापडला. मूलबाळ झालेलं नव्हतं. घरात उरली ती आणि सासरा. सासरा सुतार. आता हात थरथरायचा, पटाशी धरवत नव्हती, पण गावात अजून ज्याच्या त्याच्या घरी त्याच्या पेट्या होत्या. त्याच्या पेटीचं झाकण बसलं की आत मुंगीसुद्धा शिरत नसे. झाकण लावताना पेटी एक हलका उसासा टाकायची, आतली हवा बाहेर ढकलल्यासारखा. तो उसासा ऐकला की म्हातारा मान डोलवायचा. म्हणजे बसलं.

अशीच एक पेटी तिच्या खोलीत खाटेखाली होती. तिच्यात नवऱ्याचा एक सदरा होता, न धुतलेला. शेवटच्या सकाळी अंगातून काढून टाकलेला. घाम, कांद्याची धूळ, बिडी, आणि त्याच्या मानेपाशी कायम असायचा तो एक वास, ज्याला काही नाव नाही. हा सदरा ती रोज काढत नसे. कोठीतल्या शेवटच्या गुळाच्या ढेपेला जपावं तसं तिनं तो पुरवून पुरवून वापरला. वारा असेल तर नाही. दार उघडं असेल तर नाही. फार म्हणजे फार जड झालं की खिडकी लोटायची, झाकण चार बोटं उचलायचं, तोंड खाली न्यायचं, एक श्वास, आणि लगेच झाकण. पेटी उसासा टाकी, ती उठून कामाला लागे.

मग तिला ताप आला.

ताप साधाच होता. अंग मोडून काढलं, पडून राहिली, उतरला. सासऱ्यानं कापऱ्या हातानं पेज करून दिली, त्यात अर्धी खाली सांडली. ती उठून पुन्हा चुलीशी बसली त्या दिवशी ओसरीवरून म्हाताऱ्याचा आवाज आला, “सूनबाई, भात लागलाय का गं?”

ती भाताच्या समोरच बसली होती. पातेल्याच्या कडेनं निळसर धूर निघत होता, आणि तो तिला आता दिसला. तिनं पदरानं पातेलं खाली ओढलं.

“लागू दे म्हटलं थोडा,” ती ओरडून म्हणाली. “खरपूस चांगला लागतो.”

मग तिनं लसूण ठेचून नाकाशी धरला. काही नाही. मिरची. डोळ्यांत पाणी आलं, नाकात आग झाली, पण वास नाही. रॉकेलचा डबा. नाही. जगातून कुणीतरी काहीतरी काढून नेलं होतं आणि जागा तशीच ठेवली होती. पावलं न वाजता माणसं चालावीत तसं सगळं घर तिच्याभोवती हलत होतं.

दुपारी म्हातारा झोपल्यावर तिनं खिडकी लोटली, खाटेखालची पेटी ओढली, झाकण चार बोटं उचललं.

कापड होतं. गळ्याशी मळाची रेघ होती. बटण तुटलेलं होतं तसंच होतं. बाकी काही नव्हतं.

नाक गेलं म्हणून तो येत नाही, की तापात पडली असताना झाकण नीट बसलं नव्हतं आणि तोच उडून गेला, हे तिला कळेना. आणि विचारायचं कुणाला? विचारलं तर आधी हे सांगायला लागलं असतं की मला येत नाही. ते सांगितलं की वखारीतलं हुंगायचं काम गेलं. आणि सांगून, विचारून, समोरचा म्हणाला असता, नाही गं, यात काहीच नाही, तर? तिनं झाकण लावलं. पेटीनं उसासा टाकला. ती तिथंच भिंतीला टेकून बसून राहिली.

वखारीत तिला सगळे नाकवाली म्हणत. लांब, बुटकी, पत्र्याची इमारत. आत लाकडी फळ्यांचे कप्पे, कप्प्यांत कांद्याचे ढीग, पलीकडच्या अंगाला बटाटे. कांद्याचा ढीग बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि पोटात एक कांदा सडलेला असतो. तो एक शेजाऱ्याला सडवतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. सगळा ढीग रोज उपसणं शक्य नसतं. म्हणून सकाळी, मोठी दारं उघडायच्या आधी, कोंडलेल्या हवेत ती एकटी आत शिरायची. डोळे मिटून कप्प्याकप्प्यावरून हळू चालायची, आणि थांबून हात दाखवायची: “इथं. कमरेएवढ्या उंचीवर.” बायका तेवढंच फोडायच्या, आणि सड तिथंच सापडायची. याच्या बदल्यात तिला निवडीतला वाटा मिळे. अर्धा बरा कांदा, कोंब आलेला बटाटा, कापून घेतलं की चांगला निघणारा माल. निवडीला बसणाऱ्या बायकांना तो नसे. म्हाताऱ्याच्या ताटात रोज काहीतरी भाजी पडायची ती या वाट्यातून.

ताप उतरून ती वखारीत गेली तेव्हा तिनं डोळे मिटले, चालली, आणि अंधारात अंधारच होता. बाहेर बायका थांबलेल्या. मुकादम दाराला टेकून तंबाखू मळत होता. तिनं कप्प्याच्या फळ्यांमधून हात आत सरकवला. सड लागली की ढीग आतून गरम होतो, हे ती ऐकून होती. एका ठिकाणी हाताला ऊब लागली. चिलटंही तिथंच घोटाळत होती.

“इथं,” ती म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा आला.

फोडलं. सड होती.

“आजाऱ्याचं नाकसुद्धा चोख चालतं बघा,” शेजारीण म्हणाली. शेजारीण तिच्याच आळीत राहायची, वखारीत निवडीला बसायची, आणि गप्प राहणं तिला जमत नसे म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. “माझं मेलं नाक नुसतं नथ अडकवायला.”

बायका हसल्या. तीही हसली. त्या दिवसापासून ती हातानं वास घेऊ लागली.

त्या वर्षी हवा अशी पडली की ऊन म्हणून दिसेना. सकाळी धुकं, दुपारी झाकोळ, संध्याकाळी पुन्हा धुकं. दोरीवरचे कपडे वाळेनात, मीठ पाझरायला लागलं, काडी पेटेना. त्यातच ओढ्यावरचा पूल एका बाजूनं खचला. बाजाराच्या गाड्या पलीकडेच थांबल्या. दुकानदारानं फळीवर होतं ते विकलं आणि फळी पुसून बसला. पूल नीट होईस्तोवर ज्याच्या घरात जे असेल ते त्याचं.

अशा दिवसांत बाई उघडी पडते, सासूबाई म्हणायच्या. कुणी कसं राखलं ते दिसतं.

तिनं कोठीचं सगळं बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. आधी काय संपवायचं, मग काय, हे मनाशी मांडलं. पाला आधी. मग भोपळा, तो चिरला की थांबत नाही. कडधान्य शेवटी, पण त्यातलं मूठभर रोज भिजत घालून मोड आणायचे, म्हणजे पाला संपला तरी ताटात काही जिवंत पडेल. बटाटा सालं न काढता शिजवायचा. भाजी उकडलेलं पाणी डाळीत. म्हाताऱ्याला मीठ बेतानं, त्याच्या पायांवर सूज येते. तिनं त्याच्यासाठी सगळं मऊ शिजवलं, रंग पाहून वाढलं. हिरवं, पिवळं, लाल. सासूबाई असत्या तर ताटाला नाव ठेवायला जागा नव्हती.

डोळ्यांना दिसत होतं ते सगळं ठीक होतं.

म्हातारा हळूहळू जेवायचा. घास तोंडात घेऊन कधी कधी थांबायचा. मग पाण्याचा घोट घेऊन गिळायचा.

“बरं झालंय ना, मामंजी?”

“झालंय की.”

“तिखट कमी आहे का?”

“नाही नाही. चांगलं झालंय, सूनबाई. तू बस जेवायला.”

तिला बरं वाटायचं. हाच आता तिचा काटा होता: म्हातारा बोलत नाही म्हणजे अन्न चांगलं आहे. तिला स्वतःला तोंडात खारट कळायचं, आंबट कळायचं, तिखटाची आग कळायची. बाकी घास म्हणजे ओलं कापड. जेवण ही एक गिळायची गोष्ट झाली होती. म्हणून तिनं चांगलं ते सगळं त्याच्याकडे सरकवलं आणि आपण भात मिठाशी खाल्ला. तेवढंच पुरवठ्याला येतं.

संध्याकाळी म्हातारा ओसरीवर बसून एखादं लाकूड नुसतं हातात फिरवायचा. ती पायरीवर. दोघांच्या मधे धुकं. पूर्वी या वेळी तिला अर्धं गाव बसल्या जागी कळायचं: कुणाकडे कांदा परततायत, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या अंगणात शेळी व्याली. आता समोरची घरं चित्रातली होती. म्हातारा विचारायचा, “रेडिओकडे आज काय शिजतंय गं?” हा त्यांचा जुना खेळ. तो विचारणार, ती हुंगून सांगणार, आणि मग रेडिओ स्वतःच येऊन ते खरं करणार.

“वांगं,” ती काहीतरी सांगायची.

हवेत उकडलेल्या मुगाचा वास असायचा. म्हातारा समजायचा, पोरीचं मन नाही आज खेळात.

मग एका सकाळी वखारीतला कोपऱ्यातला ढीग फुटला.

तिथं तिनं आदल्या दिवशी हात घातला होता. गार लागलं होतं. “हा चांगला आहे,” ती म्हणाली होती, आणि मुकादमानं त्याच्या भरवशावर दुसरे कप्पे आधी उपसायला घेतले होते. पण भिंतीतून ओल झिरपत होती. सड तळाला होती, भिंतीकडच्या अंगाला, हात न पोचणाऱ्या जागी, आणि ओलीनं ऊब वर येऊच दिली नव्हती. फळी काढली तसं काळं पाणी बाहेर आलं. मागोमाग कांदे आले, हाताला लागताच चिखल होणारे.

सगळ्या बायकांनी एकदम पदर नाकाला लावले. कुणी ओकारी देत बाहेर पळाली. मुकादमानं गळ्यातला रुमाल तोंडावर ओढला.

ती उभी होती. हात खाली सोडलेले. मग बाकीच्यांकडे बघून तिनंही पदर नाकाला लावला.

मुकादमानं ते बघितलं.

“नाकवाले,” रुमालाआडून तो म्हणाला. “काल इथं उभी राहून तूच ना म्हणालीस चांगला आहे?”

“म्हणाले.”

“नाक काय घरी खुंटीला टांगून आली होतीस?”

कुणीतरी हसलं. रेडिओ हसली नाही.

“आणि आत्ता? आम्ही मरायला लागलोय आणि तू अशी उभी, जशी अत्तराच्या दुकानात. तुला येत नाही का वास?”

आताच सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. ओठांपर्यंत आलं. समोर सगळ्यांचे नुसते डोळे होते, पदरांच्या वर.

“येतो की,” ती म्हणाली. “सवय आहे मला.”

“सवय आहे? मग झालं. बाकीच्यांना कशाला त्रास. तूच उपस.”

ती दिवसभर ती सड पाटीत भरून डोक्यावरून बाहेर नेत राहिली. पाटीच्या कडेनं पाणी गळायचं, मानेवरून पाठीत उतरायचं, चोळीत मुरायचं. वाटेतली माणसं दोन्ही बाजूंना सरकायची. खड्ड्याशी पाटी पालथी करायची, परत यायचं. कंबर धरली, मानेची शीर ताठली, तरी ती थांबली नाही. एवढ्या घाणीत ती एकटीच अशी होती जिला घाण लागत नव्हती, आणि याचं तिला इतकं रडू येत होतं की पाटी डोक्यावर असली तेव्हाच तिनं रडून घेतलं. तेव्हा हात वर असतात, आणि तोंडावरून काहीही ओघळलं तरी कुणी विचारत नाही.

सुट्टीच्या वेळी मुकादम म्हणाला, “उद्यापासून निवडीला बस. हुंगायचं राहू दे तूर्त.” निवडीतला वाटाही राहू दे, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

घरी येऊन ती आधी मोरीत गेली. राखेनं अंग घासलं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. कातडी लाल झाली. वास गेला की नाही हे तिला कळणार नव्हतं. हात नाकाशी नेला तर हात होता. ओले केस तसेच ठेवून ती म्हाताऱ्यापासून लांब, दाराशी बसली.

“भिजलीस?” म्हातारा म्हणाला.

“न्हाले.”

तिनं कालची डाळ गरम केली. तिच्यात लिंबू पिळलेलं होतं. चाखली तर आंबट लागली, लागायलाच हवी होती. ती सगळी त्याच्या भातावर घातली, वर मोड आलेल्या मुगाची उसळ, लाल भोपळ्याची फोड. रंग चांगले दिसत होते. म्हाताऱ्यानं एक घास घेतला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग पाणी प्यायला आणि ताट संपवलं.

सकाळी तो ओसरीवर आडवा होता, गुडघे पोटाशी घेऊन. उलटीनं जागा भरलेली. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी.

रेडिओच धावत आली. तिनंच दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावून आणलं. नर्सबाईंनी पोट दाबलं, पापणी खाली ओढून पाहिली, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायला सांगितलं. “काहीतरी विटलेलं पोटात गेलंय. या हवेत कालचं काही खाऊ घालू नका. कितीही उरलेलं असलं तरी नाही.” आणि त्या पुढच्या घरी गेल्या, या दिवसांत आजाऱ्याचं पुढचं घर होतंच.

रेडिओ पाणी ढवळायला चमचा शोधत चुलीपाशी गेली. डाळीचं पातेलं अजून घासलेलं नव्हतं. तिनं झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. मग तेलाचा डबा उघडला. मग दाण्यांचा. चमचा हातात तसाच धरून ती बाहेर आली.

“डाळ सडलीय,” ती म्हणाली. नेहमीचा आवाज नव्हता. “तेल खवट. दाणे खवट, कडू. बाई, वखारीत माणूस चुकतं, मी काल तिथं तुझ्या बाजूची होते. पण घरात? तुझं नाक काय आहे ते मला माहीत नाही का? तू हे हुंगून त्या म्हाताऱ्याला वाढलंस?”

ती भांडं धरून उभी होती.

“नसेल घरात तर माझ्या दारात यायचं. माझ्याकडे काय खजिना आहे असं नाही, पण कालवलेलं वाटून खाल्लं असतं. निदान त्यानं ताजं तरी खाल्लं असतं. का स्वतःचं राखून ठेवलंयस कुठं?”

नाही म्हणायला एक वाक्य लागत होतं. ते सोडून ती म्हाताऱ्याचं तोंड पुसायला वाकली. रेडिओनं चमचा ठेवला आणि ती गेली. गावभर सांगणारी बाई तोंड मिटून गेली, याचीच तिला जास्त भीती वाटली.

तिनं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. चमचा चमचा पाणी घातलं. ओसरी धुतली, त्याचे कपडे बदलले. त्याचं अंग काटक्यांच्या मोळीसारखं हलकं झालं होतं. हे कधी झालं ते ताटातले रंग मोजता मोजता तिच्या नजरेतून सुटलंच होतं. दुपारी कितीतरी दिवसांनी ढग फाटले आणि पिवळट ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं. म्हाताऱ्यानं पाय उन्हात सरकवले.

“सूनबाई.”

“जी.”

“रेडिओचं मनावर घेऊ नकोस.”

“खोटं कुठं बोलली ती.”

“मला सगळं कळत होतं,” म्हातारा सावकाश म्हणाला. “तेल केव्हाच गेलंय. दाणे गेले. पण मी म्हटलं, घरात दुसरं नसणार. तुझ्या नाकाला कळल्याशिवाय का राहील? तू कळून वाढतेयस म्हणजे तुझा इलाज नसेल. पोरीनं उसनं अवसान आणून ताट सजवायचं, आणि आपण तोंड वाकडं करायचं? म्हणून गिळत होतो.” त्याला धाप लागली. “मला बोलायला हवं होतं का गं?”

म्हणजे रोज तो हिच्यासाठी गप्प बसत होता, आणि त्याच्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवून ही रोज तेच वाढत होती.

ती उठली. आपल्या खोलीत गेली. खाटेखालची पेटी ओढून काढली आणि दोन्ही हातांत धरून ओसरीवर आणली. म्हाताऱ्यानं आपली पेटी ओळखली. आपोआप हात पुढं करून त्यानं कोपऱ्याचा सांधा चाचपला.

“हिच्यात काय आहे?”

“यांचा सदरा.”

म्हाताऱ्याचा हात सांध्यावरच थांबला.

“मला वास येत नाही, मामंजी,” ती म्हणाली. “ताप आला तेव्हापासून. कशाचाच नाही. डाळीचा नाही, तेलाचा नाही, वखारीतल्या सडीचा नाही. काल मी तुमच्याजवळ बसले नाही, कारण माझ्या अंगाला अजून घाण येते का ते मला माहीत नव्हतं. रेडिओकडे काय शिजतं ते मला माहीत नसतं. मी खोटं सांगत होते. तुम्ही बोलला नाहीत की मला वाटायचं अन्न चांगलं आहे.” तिनं श्वास घेतला. “मी सांगणार नव्हते. पण हे मला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. मी पुष्कळ जपलंय, फार कमी उघडलंय. यात अजून ते आहेत का, तेवढं सांगा.”

तिनं झाकण चार बोटं उचललं.

म्हातारा कोपरावर रेटून उठला. तिनं पाठीला हात दिला. त्यानं तोंड फटीशी नेलं, डोळे मिटले. ओसरीवर उन्हात एक माशी गुणगुणत होती, तेवढाच आवाज. त्याची पाठ तिच्या तळव्याखाली वर आली, आणि खाली गेलीच नाही. मग त्याचा कापरा हात घाईघाईनं झाकणावर आला, तिच्या हातावर, आणि दाबू लागला.

“लाव,” म्हातारा म्हणाला. “आधी झाकण लाव, पोरी. उडून जाईल.”